चार पानांचा शोधनिबंध आणि आपले तीस नमुने

संशोधनाला लागण्याआधी एकच निबंध पेन्सिल हातात घेऊन वाचायचा असेल तर कुठला वाचावा? औषधांच्या अवशेषांवर काम करू पाहणाऱ्यांनी मला हे विचारलं, तर मी २००४ सालचा 'नेचर'मधला एक निबंध पुढे करतो. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांचा. पाकिस्तानातली गिधाडं डायक्लोफेनॅकच्या अवशेषांमुळे संपत चालली आहेत, असं त्यात दाखवलं आहे. लांबी जेमतेम चार पानं. या निबंधानंतर दोन वर्षांत, २००६ साली, भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. अवशेष मोजणाऱ्या फार थोड्या निबंधांच्या वाट्याला असं काही येतं.

पण मी तो शिफारस करतो ते त्याच्या कीर्तीसाठी नाही. मोजमापाला किती वजन द्यायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यात दिसतं. आणि त्यात कच्च्या जागाही आहेत. त्या शोधता आल्या की स्वतःच्या कामातल्या सापडायला लागतात.

आधी प्रश्न काय होता ते बघा

नव्वदच्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं झपाट्याने कमी व्हायला लागली. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. सुरुवातीला भारतात संशय होता तो एखाद्या साथीच्या रोगाचा, बहुधा विषाणूचा. संशय गैर नव्हता. पक्षी मान टाकून बसायचे आणि मरायचे, एका भागातून दुसऱ्या भागात मरणं पसरत गेल्यासारखं दिसायचं.

ओक्स यांच्या गटाने पाकिस्तानच्या पंजाबात मेलेली गिधाडं उघडून पाहिली. बहुतेकांच्या आतल्या अवयवांवर यूरिक ॲसिडचा पांढरा, खडूसारखा थर होता. याला व्हिसरल गाऊट म्हणतात, आणि तो मूत्रपिंड निकामी झाल्याची खूण असतो. मग त्यांनी मूत्रपिंड बिघडवणारी नेहमीची कारणं एकेक तपासली: जंतू, विषाणू, जड धातू, कीटकनाशकं. हाती काही लागलं नाही.

इथपर्यंत यंत्राने फक्त 'हे नाही, तेही नाही' एवढंच सांगितलं होतं. पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. त्यांनी आणखी पन्नास रसायनांची यादी करून ती यंत्रात घातली नाही. त्यांनी विचार केला की गिधाड खातं काय? मेलेली गुरं. मग गुरांना काय दिलं जातं? ते जनावरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे गेले. पोटातून शोषलं जाणारं, मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारं आणि अलीकडे सर्रास वापरात आलेलं औषध कोणतं, ही चाळणी लावली. खाली उरलं डायक्लोफेनॅक. त्यानंतर त्यांनी ते मोजलं.

तुमच्यापैकी बरेच जण हा क्रम उलटा लावतात. प्रयोगशाळेत एलसी-एमएस/एमएस आहे, त्याच्यासोबत वीस औषधांची तयार पद्धत आहे, म्हणून वीस औषधं मोजायची. प्रश्न नंतर बघू.

निकाल, आणि त्यावरची माझी हरकत

व्हिसरल गाऊट असलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, पंचवीसच्या पंचवीसमध्ये डायक्लोफेनॅक सापडलं. गाऊट नसलेली, दुसऱ्या कारणांनी मेलेली १३ तपासली, एकातही नाही. प्रमाण ग्रॅममागे मायक्रोग्रॅमच्या अंशात.

२५ पैकी २५ आणि १३ पैकी ०. इतका स्वच्छ निकाल पाहिला की आपण वाचणं थांबवतो. थांबू नका. मला इथे तीन हरकती दिसतात.

पहिली हरकत अशी. मूत्रपिंड निकामी झालेल्या पक्ष्याच्या अंगात औषध साचून राहू शकतं. मग शंका येते की औषधामुळे मूत्रपिंड गेलं, की मूत्रपिंड आधीच गेलं होतं म्हणून औषध बाहेर पडलं नाही? धडधाकट गिधाडांनीही तेच मांस खाल्लं असेल, पण त्यांनी औषध उत्सर्जित केलं म्हणून त्यांच्यात दिसलं नाही, असंही असू शकतं. मूत्रपिंडातला आकडा कितीही अचूक असला तरी या प्रश्नाचं उत्तर तो देऊ शकत नाही. यंत्र बदलून, रिकव्हरी ९८ टक्क्यांवर नेऊनही नाही.

ओक्स यांनी हे ओळखलं होतं, म्हणूनच त्यांनी पुढचा प्रयोग केला. पिंजऱ्यातल्या काही गिधाडांना थेट डायक्लोफेनॅक दिलं, काहींना डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांचं मांस खायला घातलं. त्यांच्यातही मूत्रपिंड निकामी झालं, तसाच गाऊट झाला, मूत्रपिंडात तसेच अवशेष मिळाले. डोस जास्त तिथे मृत्यूही जास्त. हरकत तिथे संपली. निबंधाचा कणा हा प्रयोग आहे, २५ आणि १३ ची तुलना त्याला टेकून उभी आहे.

दुसरी हरकत संख्येची. गटाने शेकडो मेलेली गिधाडं पाहिली, पण डायक्लोफेनॅकसाठी तपासली ३८. ही ३८ कशी निवडली? ताजी होती म्हणून? एकाच वसाहतीतली होती? शव जुनं असेल तर ऊतकाचं मोजमाप डळमळीत होतं, त्यामुळे ताजी निवडणं समजू शकतं. पण निवडीचा नियम वाचकाला ठळक दिसायला हवा. तुमच्या प्रबंधात तो नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

तिसरी हरकत भूगोलाची. पंजाबातल्या निकालावरून राजस्थान किंवा महाराष्ट्राबद्दल काय म्हणता येतं? नुसत्या त्या निबंधावरून फार नाही. ही जागा त्याच वर्षी दुसऱ्या गटाने भारत आणि नेपाळमधल्या गिधाडांचे नमुने तपासून भरली, आणि तिथेही गाऊट व डायक्लोफेनॅक जोडीनेच सापडले. एका निबंधाने सगळं सिद्ध करायचा हट्ट धरू नये. पुढच्याला पुरावा जोडता येईल अशी मोकळी बाजू ठेवणं हाही चांगल्या निबंधाचा गुण आहे.

चार पानांत न मावलेली गोष्ट

'नेचर'च्या चार पानांत पद्धतीला फारशी जागा नसते. तुमच्या प्रबंधात तिला सगळ्यात जास्त जागा लागते, आणि या क्षेत्रातले बरेच निबंध तिथेच कच्चे असतात.

डायक्लोफेनॅकचंच घ्या. तो आम्ल गुणाचा रेणू आहे, पीकेए साधारण ४. म्हणून पाण्यातून सी-१८ कार्ट्रिजवर धरायचा तर नमुना आधी आम्लधर्मी करावा लागतो, नाहीतर तो आयन रूपात सरळ निघून जातो. उन्हात तो तुटतो, म्हणून बाटली गडद रंगाची आणि नेताना बर्फात. रक्तातला ९९ टक्क्यांहून जास्त डायक्लोफेनॅक प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे ॲसिटोनायट्राइल घालून प्रथिनं आधी पाडावी लागतात. लघवीत त्याचा बराच भाग ग्लुकुरोनाइडला जोडलेला किंवा हायड्रॉक्सी रूपात असतो. तुम्ही फक्त मूळ रेणू मोजलात तर 'शरीराने किती औषध बाहेर टाकलं' असं लिहू नका, कारण ते तुम्ही मोजलेलंच नाही.

आता पाण्याचा नमुना. ५०० मिली पाणी कार्ट्रिजमधून काढून अर्क ०.५ मिलीवर आणला, म्हणजे १००० पट घट्ट केला. औषध १००० पट घट्ट झालं तशी पाण्यातली ह्युमिक द्रव्यं, क्षार, साबण हेही घट्ट झाले. हीच घाण मास स्पेक्ट्रोमीटरच्या आयन स्रोतात औषधाचा सिग्नल दाबते. याला मॅट्रिक्स परिणाम म्हणतात.

हे तपासायला तीन बाटल्या पुरतात. शुद्ध द्रावकात औषध घातलं, सिग्नल आला १००. नमुन्याचा अर्क काढून झाल्यावर त्यात तेवढंच औषध घातलं, सिग्नल ७०. नमुन्यात आधीच घालून मग अर्क काढला, सिग्नल ४९. याचा अर्थ आयन स्रोतात ३० टक्के सिग्नल दबला, आणि अर्क काढताना ४९ भागिले ७० म्हणजे ७० टक्के औषध हाती आलं. दोन्ही मिळून तुम्हाला खऱ्या प्रमाणाच्या निम्म्याहून कमी दिसतंय. अनेक निबंध यातला एकच आकडा 'रिकव्हरी' म्हणून छापतात. तो ७० आहे की ४९, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

ड्युटेरियम घातलेलं डायक्लोफेनॅक इंटरनल स्टँडर्ड म्हणून सुरुवातीलाच घातलं तर या दोन्ही चुका बऱ्याच भरून निघतात. पण त्यालाही मर्यादा आहे. यकृताच्या तुकड्यात औषध जिवंतपणी शिरलेलं असतं, तुमचं स्टँडर्ड मिनिटभरापूर्वी वरून पडलेलं असतं. दोन्ही सारख्याच सहजतेने बाहेर येतील हे गृहीत धरू नका.

'सापडलं नाही' म्हणजे काय

आता सोनईकडे या. इथे आसपास गावोगाव दुभती जनावरं आहेत, जवळ घोडेगावचा जनावरांचा बाजार आहे. जनावराला ताप आला, कास सुजली, पाय धरला की दुखणं कमी करणारं इंजेक्शन आलंच. समजा तुम्ही विषय घेतला: 'नेवासा तालुक्यातील मृत जनावरांच्या यकृतातील डायक्लोफेनॅकचे अवशेष'. तीस नमुने गोळा केले. तिसात एकही नाही. तुम्ही निष्कर्ष लिहिला, 'परिसरात डायक्लोफेनॅकचा वापर होत नसल्याचे दिसून येते.'

या वाक्याने नुकसान होतं. का, ते बघू.

ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ सालीच हिशोब मांडला होता: गिधाडांची झालेली घट समजावून द्यायला दर १३० ते ७६० शवांमागे एका शवात घातक प्रमाण असलं तरी पुरेसं होतं. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तुमच्या भागात दर २०० शवांत एक, म्हणजे ०.५ टक्के शवं बाधित आहेत असं धरा. तीस नमुन्यांत एकही बाधित न मिळण्याची शक्यता किती? ०.९९५ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.८६. धोका पुरेपूर असूनही तुमचा निकाल १०० पैकी ८६ वेळा 'काही नाही' असाच येणार.

'०.५ टक्क्याहून कमी आहे' असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर शून्य सापडलेले नमुने सुमारे ६०० हवेत. ३ भागिले ०.००५, एवढं सोपं गणित आहे हे. ते प्रस्तावात आधीच घाला. ६०० जमणार नाहीत? बहुधा नाहीच जमणार. मग प्रश्न बदला, पण तीस नमुन्यांवर सहाशे नमुन्यांचं वाक्य लिहू नका. आणि शून्य लिहिताना सोबत डिटेक्शन लिमिट द्या. 'सापडलं नाही' याचा अर्थ 'माझ्या पद्धतीला इतक्या प्रमाणाखालचं दिसत नाही' एवढाच असतो.

नमुना कुणाचा, हाही प्रश्न आहे. गुरांच्या शरीरातून डायक्लोफेनॅक लवकर निघून जातं. इंजेक्शननंतर काही दिवसांत मेलेलं जनावरच गिधाडाला धोक्याचं. खाटिकखान्यातलं धट्टंकट्टं जनावर आणि गोठ्यात आजारी पडून मेलेलं म्हातारं जनावर यांची यकृतं एकाच तक्त्यात घातलीत तर सरासरीला काही अर्थ उरत नाही. बंदीच्या आधी भारतात १८४८ शवांची यकृतं तपासली होती, त्यातल्या १०.१ टक्क्यांत डायक्लोफेनॅक होतं. तो आकडा वजनदार आहे, कारण नमुने गिधाडांना उपलब्ध असलेल्या शवांमधून घेतले होते. निवड प्रश्नाला धरून होती.

आता सापडलं असं समजू. तरी लगेच 'बंदी मोडून डायक्लोफेनॅक टोचलं' असं लिहायचं का? गुरांच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचं रूपांतर डायक्लोफेनॅकमध्ये होतं. २०२३ सालच्या जुलैअखेर जनावरांसाठी ॲसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन यांवरही बंदी आली, पण त्याआधीचे नमुने तपासत असाल तर यकृतातला रेणू बाटलीवरचं नाव सांगत नाही. शिवाय माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली एका डोसापुरती, ३ मिलीची केली गेली. अवशेष कुठल्या वाटेने आला हे कळायला ओक्स यांनी केलं तेच करावं लागतं: औषधाच्या दुकानात, पशुवैद्याकडे, गोठ्यात जाऊन विचारायचं. सोनईच्या विद्यार्थ्याला हे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या माणसापेक्षा चांगलं जमेल. ही बाजू तुमची आहे, ती सोडू नका.

नदीच्या पाण्याचे निबंध

गिधाडांचा विषय नको, पाण्याचा हवा, असं बरेच जण म्हणतात. हरकत नाही. मग २००७ सालचा लार्सन आणि सहकाऱ्यांचा निबंध वाचा. हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणारं एक सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यांनी ५९ औषधं शोधली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत मिळालं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात जास्तीत जास्त जेवढं असतं त्याहूनही हे अधिक.

इथे माझी टीका वेगळी आहे, आणि ती निबंधापेक्षा त्याची नक्कल करणाऱ्यांवर जास्त आहे. लार्सन यांचा आकडा एवढा मोठा आहे की रिकव्हरी ५० टक्के धरा नाहीतर १०० टक्के, निष्कर्ष हलत नाही. तुमच्या नदीत तेच औषध लिटरला ३० नॅनोग्रॅम सापडलं तर ते दहा लाख पट कमी आहे. तिथे तुमची ४९ आणि ७० ची चूक, ब्लँकमधला डाग, एकाच सकाळी भरलेली बाटली, सगळंच निष्कर्षावर स्वार होतं. मोठ्या आकड्याच्या निबंधाची भाषा उसनी घेऊन छोटा आकडा सांगू नका.

सांडपाणी केंद्राच्या अभ्यासात आणखी एक खड्डा आहे. काही वेळा बाहेर पडणाऱ्या पाण्यात कार्बामाझेपीन आत येणाऱ्यापेक्षा जास्त मिळतं. केंद्र औषध तयार करत नाही. आत येताना ते शरीरातल्या प्रक्रियेने जोडलेल्या रूपात असतं, केंद्रातले जीवाणू ती जोड तोडतात आणि मूळ रेणू मोकळा होतो. पहिल्या बाटलीत तो होताच, तुमच्या पद्धतीला दिसला नव्हता. त्यात आत येणाऱ्या पाण्यात घाण जास्त, म्हणून सिग्नलही जास्त दबलेला.

तर मग निर्णय

ओक्स यांचा निबंध मला आजही पक्का वाटतो. त्यांची यंत्रं आजच्या मानाने साधी होती, आकडेवारी छोटी होती. पण मोजण्याआधी त्यांनी इतर शक्यता बाद केल्या, मोजल्यावर आकड्याची मर्यादा ओळखली आणि जे आकडा सांगू शकत नव्हता त्यासाठी वेगळा प्रयोग केला. बंदीनंतर भारतात पुन्हा यकृतं तपासली गेली तेव्हा डायक्लोफेनॅकचं प्रमाण घटलेलं दिसलं, पण शून्य झालं नव्हतं. बंदी आली म्हणून मोजणं थांबवलं असतं तर हे कळलंच नसतं.

प्रस्ताव लिहिताना दोन व्यावहारिक गोष्टी विसरू नका. गिधाडाच्या शरीराचा कुठलाही नमुना घ्यायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, पीस सापडलं तरी परस्पर उचलायचं नाही. आणि माणसाचं रक्त किंवा लघवी घ्यायची तर नैतिकता समितीची मंजुरी आधी, नमुना नंतर.

आता तुमच्या प्रस्तावाच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा. मी मोजलेला आकडा शून्य आला तर मी काय म्हणेन? मोठा आला तर काय म्हणेन? आणि या दोन्हींपैकी काहीही आलं तरी जे मला म्हणताच येणार नाही ते काय? तिसरी ओळ लिहिता आली नाही तर नमुने गोळा करायला अजून निघू नका. पुढच्या लेखात त्या तीन बाटल्यांचा प्रयोग विहिरीच्या पाण्यावर कसा करायचा ते पायरी-पायरीने बघू.